ढब्बू, लोळणारा आणि लांबोडा : एका कृमीच्या कातडीचा इतिहास

तत्त्वज्ञानाच्या माणसाने कृमीवर बोलायला उभं राहावं, याचं तुम्हाला थोडं नवल वाटत असेल. आमच्या घरीही वाटलं. पण आज जो इतिहास आम्ही सांगणार आहोत, त्याच्या मध्यभागी एक जुना प्रश्न आहे आणि तो आमच्याच विषयातला आहे. एखादी वस्तू मोडली म्हणजे ती कशी बनली होती हे कळतं का? आणि मोडलेल्या वस्तूत दिसतो तो दोष कशाचा असतो? काहीतरी नसण्याचा, की काहीतरी भलतंच असण्याचा? हा फरक वरवर शब्दांचा वाटतो. तो तसा नाही, हे शेवटी एका आईच्या प्रश्नापाशी येऊन आपण पाहू.

सूत्रकृमी हा शब्द डाळिंब किंवा टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. मुळांवर गाठी करून झाड खंगवणारी ती जात. आपला आजचा प्राणी त्याच मोठ्या कुळातला, पण निरुपद्रवी. सडणाऱ्या पाल्यापाचोळ्यात राहतो, जिवाणू खातो. त्याचं नाव सीनोरॅब्डायटिस एलेगन्स. एमिल मोपास या अभ्यासकाने १९०० साली अल्जीयर्समध्ये त्याचं वर्णन केलं. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. अंग काचेसारखं पारदर्शक. अंड्यातून निघून, वाढून, पुन्हा अंडी घालायला त्याला साधारण ३ दिवस पुरतात. बहुतेक कृमी उभयलिंगी, म्हणजे एकच जीव स्वतःच स्वतःला फलित करतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे.

हा कृमी प्रयोगशाळेत मानाच्या जागी बसला तो सिडनी ब्रेनर यांच्यामुळे. ब्रेनर मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, नंतर केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले. तिथे फ्रान्सिस क्रिक आणि ते वर्षानुवर्षं एकाच खोलीत बसत. १९६३ च्या जूनमध्ये ब्रेनर यांनी प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की रेण्वीय जीवशास्त्राचे जुने प्रश्न सुटले आहेत किंवा सुटत आले आहेत. आता शरीराची घडण आणि मज्जासंस्था यांच्याकडे वळायला हवं. त्यासाठी त्यांना एक साधा प्राणी हवा होता. शोधाशोध होऊन निवड या कृमीवर आली.

पद्धत सोपी होती. कृमींना एका रसायनात ठेवायचं. त्या रसायनाने जनुकांत इकडेतिकडे बदल होतात, त्यांना आपण उत्परिवर्तनं म्हणतो. मग नातवंडांच्या पिढीत कोण वेगळा दिसतो किंवा वेगळा चालतो, ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचं. प्राणी स्वतःच स्वतःला फलित करत असल्यामुळे दोन पिढ्यांत बदल उघडा पडतो. शिवाय ज्याला धड हलताही येत नाही, त्याचाही वंश चालतो. त्याला जोडीदार शोधत फिरावं लागत नाही.

१९७४ साली ब्रेनर यांनी या सगळ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुमारे ३०० उत्परिवर्तित वाण, त्यांतून ओळखलेली सुमारे १०० जनुकं, आणि त्यांची ६ गुणसूत्रांवर केलेली मांडणी. या जनुकांपैकी ७७ जनुकांतल्या बदलांनी प्राण्याची चाल बिघडत होती. ब्रेनर यांना हवे होते तेच, कारण चाल म्हणजे मज्जासंस्था. पण जाळ्यात न मागितलेले मासेही आले होते. काही कृमी आखूड आणि जाडे होते. काही लांबलचक. काहींच्या कातडीवर पाण्याचे फोड. त्यांना इंग्रजीत डम्पी, लाँग, ब्लिस्टर अशी नावं मिळाली. आपण आपल्या भाषेत ढब्बू, लांबोडा आणि फोडाळ म्हणू. त्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ‘ई’ या अक्षराने क्रमांक दिले जात. त्यातला ‘ई-१’, म्हणजे अगदी पहिला, कोण होता? एक ढब्बू.

आता गंमत बघा. या ढब्बूंचा उपयोग काय झाला? मैलाच्या दगडाचा. मज्जासंस्थेचं एखादं जनुक गुणसूत्रावर नेमकं कुठे आहे हे ठरवायला ओळखीची खूण लागते. ढब्बू कृमी नुसत्या नजरेला कळतो, चटकन मोजता येतो. म्हणून नकाशा आखताना त्याच्यापासूनचं अंतर मोजायचं. मैलाच्या दगडावरचा आकडा सगळे वाचतात. तो दगड कुठल्या खाणीतला, हे सहसा कुणी विचारत नाही. ढब्बूचं तेच झालं. तो ढब्बू का आहे, हा प्रश्न कित्येक वर्षं बाजूलाच राहिला.

त्या प्रश्नाचं उत्तर कातडीत होतं. या कृमीच्या अंगात हाड नाही. आतून पाण्याचा दाब आणि बाहेरून घट्ट, लवचीक आवरण, या दोहोंमुळे त्याला आकार असतो. फुगवलेली सायकलची ट्यूब आणि तिच्यावरचा टायर आठवा. हे आवरण जिवंत पेशींचं नसतं. खालच्या पेशी ते पाझरतात आणि ते बाहेर जमतं. कृमी आयुष्यात ४ वेळा कात टाकतो, म्हणजे अंड्यातलं पहिलं धरून ५ वेळा नवं आवरण विणतो. हे आवरण मुख्यतः ज्या प्रथिनाचं असतं, त्याचं नाव कोलॅजन.

कोलॅजन आपल्यालाही परकं नाही. आपली कातडी, स्नायूंचे कंडरे, हाडांचा चिवटपणा, सगळीकडे तेच. त्याची रचना उलगडण्याच्या इतिहासात एक पान मद्रासचं आहे. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडलं की कोलॅजन म्हणजे तीन साखळ्यांचा गोफ. पुढच्याच वर्षी त्यांनी तो आराखडा सुधारला. त्याच वर्षी अलेक्झांडर रिच आणि क्रिक यांनीही आपली रचना प्रसिद्ध केली. गोफ मान्य झाला, तपशिलांवर वाद झाला. या गोफाची एक अट आहे. साखळीतला दर तिसरा मणी ग्लायसिन या अमिनो आम्लाचाच हवा. कारण तीन पेड जिथे एकमेकांना खेटतात, तिथे जागा इतकी अरुंद आहे की सगळ्यांत लहान मणीच तिथे मावतो. तिथे मोठा मणी आला की गोफाला गाठ बसते.

म्हणजे ज्या माणसाने कोलॅजनच्या रचनेवर काम केलं होतं, तो आणि ज्याच्या बशीत ढब्बू वळवळत होते, तो, असे दोघं एका खोलीत बसत होते. आणि ढब्बूचं रहस्य कोलॅजनमध्ये आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. यात कुणाची चूक नाही. दोन गोष्टी जवळ असल्या म्हणून त्यांचा संबंध आपोआप दिसत नाही. तो विचारावा लागतो.

तो विचारणाऱ्यांत एक होते रॉबर्ट एडगर. हे मूळचे विषाणूंचे अभ्यासक. जिवाणूंवर वाढणाऱ्या टी-४ नावाच्या विषाणूचं डोकं, शेपूट, पाय हे सुटे भाग एकमेकांना कोणत्या क्रमाने जुळतात, हे त्यांनी आणि विल्यम वुड यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं. सुट्या भागांतून आकार कसा उभा राहतो, हा त्यांचा ध्यास. पुढे ते कॅलिफोर्नियात सांताक्रूझला कृमीकडे वळले आणि त्यांची नजर गेली ती कातडीवर. त्यांच्या गटाने १९८० मध्ये लोळणाऱ्या कृमींचा, म्हणजे ‘रोलर’ वाणांचा, सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

हा लोळणारा कृमी पाहण्यासारखा असतो. साधा कृमी एका कुशीवर पडून नागमोडी सरकतो. लोळणाऱ्याचं सगळं अंग पीळ दिलेल्या दोरीसारखं असतं. त्यामुळे तो सरकताना स्वतःभोवती गिरक्या घेतो, आणि सरळ जाण्याऐवजी गोल गोल फिरत राहतो. कुणी उजव्या पिळाचा, कुणी डाव्या. आणखी एक वाण निघाला, त्याला ‘स्क्वॉट’ म्हणजे ‘बसका’ असं नाव पडलं. बदललेलं जनुक आईबापांपैकी एकाच बाजूने आलं तर हा कृमी लोळतो. दोन्ही बाजूंनी आलं तर ढब्बू होतो. एकच बदल, पण मात्रेप्रमाणे दोन आकार!

१९८६ साली मेरेडिथ कुश आणि एडगर यांनी अशा जनुकांवर एक निबंध लिहिला. ही जनुकं एकमेकांत गुंतलेली होती. एकातला बदल दुसऱ्यातल्या बदलाचा परिणाम वाढवायचा, झाकायचा किंवा फिरवायचा. त्यावरून लेखकांनी अंदाज बांधला की ही जनुकं बहुधा कातडीच्या रचनेतली प्रथिनं बनवत असावीत. ‘असावीत’ हा शब्द आमचा नाही. निबंधाच्या शीर्षकातच ती शक्यता म्हणून मांडली आहे. जनुक हाती लागलं नव्हतं, प्रथिन पाहिलं नव्हतं. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं म्हणणं, याला आपल्याकडचे नैयायिक अनुमान म्हणतात. आणि चांगल्या अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे धूर आणि अग्नी यांची पक्की सोबत ठाऊक असावी लागते. एडगर यांच्यापाशी ती विषाणूच्या अभ्यासातून आली होती: ज्यांचे बदल एकमेकांत असे गुंततात, ते भाग बहुधा एकमेकांना भिडलेले असतात.

दोनच वर्षांत अग्नी प्रत्यक्ष दिसला. १९८८ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. जेम्स क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत एडगरही होते, दाखवलं की ‘एसक्यूटी-१’ हे बसक्या वाणाचं जनुक कोलॅजन बनवतं. दुसऱ्या निबंधात डोनाल्ड रिडल यांच्या गटाने दाखवलं की ‘डीपीवाय-१३’ हे ढब्बूचं जनुकही कोलॅजनचंच आहे. मैलाचा दगड अखेर स्वतःबद्दल बोलला. १९९० मध्ये ‘रोल-६’ या लोळणाऱ्याचा नंबर लागला. तेही कोलॅजन. पुढे जीनोम वाचला गेला, तेव्हा कळलं की या एवढ्याशा जीवाकडे कोलॅजनची १७० हून अधिक जनुकं आहेत.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. आता तिचं वळण येतं, आणि त्यासाठीच आम्ही हा विषय घेतला.

आपण साधारण असं समजतो की जनुक बिघडलं म्हणजे काहीतरी कमी पडलं, आणि पुरतंच नाहीसं झालं तर परिणाम सगळ्यांत वाईट. क्रेमर आणि जॉन्सन यांनी १९९३ मध्ये ‘एसक्यूटी-१’ आणि ‘रोल-६’ मधले अनेक बदल ओळीने मांडले. तेव्हा दिसलं ते उलटंच. जनुक पूर्ण निकामी झालं तर कृमी जवळजवळ साधाच दिसतो! ठरावीक जागचं आर्जिनिन बदललं, तर कृमी उजवीकडे लोळतो. शेवटाकडचं एखादं सिस्टीन गेलं, तर डावीकडे. म्हणजे प्रथिन नसेल तर शेजारचे पेड कसंबसं भागवून नेतात. प्रथिन असेल, पण वेडंवाकडं असेल, तर ते गोफात शिरतं आणि सगळ्यांना आपल्याबरोबर वाकवतं. त्या आर्जिनिनचं काम काय, याचाही माग लागला. कोलॅजन आवरणात विणलं जाण्याआधी त्याचं एक टोक छाटावं लागतं. कुठे छाटायचं याची खूण तिथे असते. खूण पुसली की न छाटलेला धागा तसाच विणकामात जातो.

याहून मजेशीर गोष्ट पुढे आहे. ‘रोल-६’ बिघडलेला कृमी लोळतो. पण त्याच कृमीतून ‘एसक्यूटी-१’ काढून टाकलं, तर त्याचं लोळणं थांबतं. मग आता सांगा, लोळण्याचं कारण कोणत्या जनुकात होतं? बिघाड ‘रोल-६’ मध्ये, पण तो दिसायला ‘एसक्यूटी-१’ धडधाकट हवं.

वैशेषिकांचं तंतू आणि पटाचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. धागे म्हणजे कापड का? ते म्हणतात, नाही. कापड धाग्यांत असतं, धाग्यांवाचून नसतं, पण ते धाग्यांहून निराळं आहे. अवयव वेगळे, अवयवी वेगळा. आम्ही हे उदाहरण वर्गात तीस वर्षं शिकवलं. शब्दांचा कीस म्हणून मुलं कंटाळायची, आणि खरं सांगायचं तर कधीकधी आम्हीही. पण या कृमीने ते आमच्यापुढे जिवंत आणून ठेवलं. पीळ हा कापडाचा गुण आहे. कुठल्याही एका धाग्यात तो शोधायला गेलात तर सापडत नाही.

अभावाबद्दलही आपल्या परंपरेत मोठा विचार झाला आहे. वैशेषिक परंपरेने पुढे अभावाला पदार्थाचा दर्जा दिला. नसणं हीही जाणण्याजोगी गोष्ट आहे, असं म्हटलं. त्याचा धडा इथे असा, की ‘नाही’ आणि ‘वाईट आहे’ यांची गल्लत करू नये.

पण सावध राहू. यावरून ‘कोलॅजन नसलं तरी चालतं’ असा नियम काढाल तर फसाल. ‘डीपीवाय-७’ किंवा ‘डीपीवाय-१०’ ही कोलॅजनं नसली की कृमी ढब्बूच होतो. ती सहा जणांची एक टोळी आहे. कृमीच्या अंगावर बांगड्यांसारख्या ज्या खाचा असतात, त्या ही टोळी मिळून राखते. एक गेला की खाचा मोडतात. ‘लॉन-३’ ची तऱ्हा आणखी वेगळी. हे कोलॅजन नसलं तर कृमी लांबोडा होतो, आणि जास्त झालं तर ढब्बू. हे २००२ साली दाखवलं गेलं. शिवाय सगळे ढब्बू कातडीमुळेच ढब्बू नसतात. ‘डीपीवाय-२७’ सारखी काही जनुकं क्ष गुणसूत्राच्या कामाचं प्रमाण राखतात. ते प्रमाण चुकलं तरी कृमी ढब्बू होतो. नाव एक, रूप एक, कारणं निरनिराळी. नाव देताना आपण रूप पाहतो आणि मग त्या नावालाच कारण समजायला लागतो. ही खोड फक्त कृमींच्या बाबतीत नाही.

आता त्या आईकडे येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात मुलगी जन्मली. तिची हाडं वारंवार मोडायची. ठिसूळ हाडांचा तो जन्मजात आजार. आई शिकलेली होती. तिने एकदा आम्हाला विचारलं, “सर, माझ्यातलं काय कमी पडलं?” आम्ही तिला धीर द्यायला म्हणून सांगितलं, की अहो, एखाद्या जनुकाची उणीव असते, त्यात तुमचा काय दोष. शब्द प्रेमाचे होते, पण त्यांतली उणीव ही कल्पना आम्ही न तपासता वापरली होती. तिने त्यातला तेवढाच शब्द धरून ठेवला.

हा आजार बहुधा कोलॅजनचाच. माणसाच्या हाडातल्या मुख्य कोलॅजनचा गोफ एका जातीचे दोन पेड आणि दुसऱ्या जातीचा एक, असा वळलेला असतो. दोन पेडांच्या जनुकाची एक प्रत नुसती गप्प बसली, तर कोलॅजन निम्मं बनतं, पण बनतं ते चांगलं. आजार बहुधा सौम्य राहतो. तीच प्रत गप्प न बसता ग्लायसिनच्या जागी दुसरा मणी घालू लागली, तर काय होईल? हिशेब करा. दोन पेडांच्या ४ जोड्या संभवतात, त्यांतल्या ३ जोड्यांत निदान एक पेड बिघडलेला असेल. म्हणजे निम्मा बिघाड पाऊण गोफांत पोचला. आजाराची तीव्र रूपं पुष्कळदा अशी असतात. आणि ती घडवणारा बदल बरेचदा आईबापांत नसतोच. तो त्या बाळाच्या बाबतीत नव्याने घडलेला असतो.

त्या मुलीत नेमका कोणता बदल होता, हे आम्ही सांगणार नाही. तो आमचा अधिकार नाही. पण त्या आईला आम्ही एवढं म्हणू शकलो असतो, की ‘कमी पडलं’ हा शब्दच इथे लागू होईल असं नाही. आईने काही द्यायचं राहिलं, असं या आजाराचं रूप बहुधा नसतं. हे आम्हाला पुष्कळ उशिरा, या कृमीचा इतिहास वाचताना समजलं. आम्ही तिच्याकडे जाऊन ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सर, हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.” तिचं बरोबर होतं.

शेवटी आपल्या लोळणाऱ्याचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. १९९१ मध्ये क्रेग मेलो आणि सहकाऱ्यांनी कृमीत बाहेरून जनुकं घालण्याची सुधारलेली पद्धत मांडली. जनुक आत शिरलं की नाही हे ओळखायला त्यांनी खूण म्हणून बिघडलेलं ‘रोल-६’ सोबत दिलं. पिल्लू लोळायला लागलं की समजावं, काम झालं. २०१४ मध्ये जनुकं कापून सुधारण्याच्या नव्या तंत्रात ‘डीपीवाय-१०’ तशाच कामाला आलं. ‘रोल-६’ चा तो बदल आणि ‘डीपीवाय-१०’ चा हा, दोन्हींत आर्जिनिनच्या जागी सिस्टीन आलेलं आहे. म्हणजे फिरून पुन्हा मैलाचा दगड. फरक इतकाच, की आता हा दगड कुठल्या खाणीतला, ते आपल्याला माहीत आहे.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमचे प्रश्न आधी घेऊ. आज एवढंच.